कोल्हा वेगळा, खोकड वेगळं: एका नावाचा दोनशे वर्षांचा घोळ

आजचा विषय आहे खोकड. नाव ऐकलंय का? आजीला विचारा, तिने नक्की ऐकलं असेल. आपल्या पिढीची अडचण अशी की 'फॉक्स' म्हणजे कोल्हा, असं आपण शाळेत पाठ केलं आणि 'जॅकल' म्हणजेसुद्धा कोल्हाच. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्याकडे दोन वेगळ्या रेकॉर्डला एकच आयडी दिला, तर एक रेकॉर्ड दुसऱ्याखाली दबून जातं. खोकडाचं नेमकं तसंच झालंय.

आधी ओळख करून घेऊ. कोल्हा म्हणजे जॅकल. गावठी कुत्र्यापेक्षा थोडा लहान, वजन साधारण 7 ते 11 किलो. संध्याकाळी उसातून जी सामूहिक ओरड ऐकू येते, ती कोल्हेकुई त्याची. खोकड म्हणजे आपला देशी फॉक्स. हे जेमतेम 2 ते 3 किलोचं, म्हणजे मांजरापेक्षा थोडंच मोठं. पाय काडीसारखे, कान मोठे, तोंड निमुळतं. आणि सगळ्यात पक्की खूण शेपटी: भरघोस, अंगाच्या निम्म्याहून लांब आणि टोकाला काळी. अंधारात गाडीच्या उजेडात काही पळालं, तर तोंड बघत बसू नका, शेपटीचं टोक बघा.

आता इतिहास. हे दोन प्राणी वेगळे आहेत हे आपल्या लोकांना फार आधीपासून माहीत होतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, 28व्या सूक्तात, एकाच ऋचेत 'लोपाश' आणि 'क्रोष्टा' असे दोन शब्द येतात. लोपाश म्हणजे खोकड, क्रोष्टा म्हणजे कोल्हा. क्रोष्टा या शब्दाचा अर्थच मुळी ओरडणारा. म्हणजे दोघांना दोन नावं, काही घोळ नाही.

मग घोळ झाला कुठे? माझ्या मते गोष्टींच्या पुस्तकांत. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे, म्हणजे जॅकल. इसापाचा लबाड प्राणी मात्र फॉक्स, तोही युरोपातला तांबडा. 1828 साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापनीती मराठीत आणली. मराठी गोष्टींत लबाडीचं खातं कोल्ह्याकडे आधीपासूनच होतं. तेव्हा इसापाचा फॉक्सही आपल्याकडे कोल्हा होऊनच रुळला आणि आंबट द्राक्षं त्याच्याच नावावर चढली. तासगावच्या बागायतदाराला विचारा, द्राक्षं कोल्ह्याला आंबट लागतात का ते!

त्यानंतर तीनच वर्षांनी, 1831 साली, दोन गोष्टी घडल्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून आला. त्यात कोल्हा म्हणजे जॅकल असाच अर्थ आहे. आणि त्याच वर्षी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात दख्खनच्या सस्तन प्राण्यांची एक यादी प्रसिद्ध झाली. ती करणारा माणूस होता विल्यम हेन्री सायक्स, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. 1824 पासून त्याच्याकडे दख्खनची आकडेवारी गोळा करायचं काम होतं. म्हणजे आजच्या भाषेत सरकारी डेटा कलेक्शन! पिकं, जमिनी, लोकसंख्या मोजता मोजता हा गडी पक्षी आणि प्राणीही नोंदवत गेला.

त्या यादीत सायक्सने आपल्या माळावरच्या फॉक्सला शास्त्रीय नाव दिलं: कॅनिस कोकरी. हे 'कोकरी' लॅटिन नाही बरं का. मराठी लोक या प्राण्याला जे म्हणायचे, ते साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहून घेतलं. मराठी माळावरचा शब्द थेट विज्ञानात गेला!

पण ते नाव टिकलं नाही. प्राण्यांच्या नावांचा नियम साधा आहे: जे आधी छापलं गेलं ते चालणार. जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने याच प्राण्याला 1800 सालीच 'बेंगालेन्सिस' नाव देऊन टाकलं होतं. त्यामुळे आज त्याचं अधिकृत नाव व्हल्पिस बेंगालेन्सिस, आणि कोकरी उरलं जुन्या समानार्थी नावांच्या यादीत.

साहेबांच्या शौकानेही घोळात भर घातली. विलायतेत घोड्यांवरून, कुत्र्यांचा ताफा सोडून फॉक्सच्या मागे धावायची त्यांची रीत. इथे उटीसारख्या ठिकाणी तोच थाट, तेच पोशाख, फक्त पुढे पळणारा प्राणी जॅकल.

तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? सांगतो. मी आष्ट्याचा. कृष्णाकाठचा वाळवा तालुका, चारी बाजूंनी ऊस. 1949 साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला, तोच 1960 पासून सांगली जिल्हा. कोल्ह्याला हा ऊस मानवला. लपायला जागा, खायला उंदीर, कोंबड्या, मेलेलं जनावर, वेळ पडली तर काकडी. म्हणीतच आहे, कोल्हा काकडीला राजी. खोकडाचं तसं नाही. त्याला मोकळा, बुटक्या गवताचा माळ लागतो. तिथे ते अनेक तोंडांची बिळं करतं, उंदीर, टोळ, भुंगे आणि बोरं खातं. उन्हाळा लागता लागता पिल्लं बिळाबाहेर दिसायला लागतात.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर अबी तमीम वनक या संशोधकाने खोकडांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास केला. शेती आणि वस्तीपेक्षा खोकड गवताळ माळ आणि पडीक रानच निवडतं, असं त्यात दिसलं. कुत्रं जवळ असलं की ते समोरचं खाणंही नीट खात नाही, हेही दिसलं. कुत्र्यांचे डिस्टेंपरसारखे रोगही त्याच्यापर्यंत पोचतात.

आणि माळ म्हणजे सरकारी कागदावर काय? पड जमीन, ओसाड. इंग्रजांच्या महसुलाला ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती निकामी. ती नजर स्वातंत्र्यानंतरही फारशी बदलली नाही. आपल्याच जिल्ह्यात आटपाडी, खानापूर, जतकडे अजून माळ आहेत, पण टेंभू, म्हैसाळच्या पाण्याने तिकडचं चित्र बदलतंय. ते पाणी यायलाच हवं होतं. ज्या बायकांनी टँकरमागे आयुष्य काढलं, त्यांना मी खोकडासाठी थांबा असं कुठल्या तोंडाने सांगू? पण गावाच्या एखाद्या गायरानावर खोकडाची बिळं आहेत एवढं जरी माहीत असलं, तर तिथे झाडं लावायचे खड्डे खणण्याआधी कुणीतरी विचारेल तरी. आत्ता कुणी विचारत नाही, कारण 'कोल्हे काय, उसात भरपूर आहेत' असं उत्तर ठरलेलं असतं.

म्हणून एक काम करा. माळाकडे जाल तेव्हा दिवस मावळताना लांब उभं राहून बघा. मऊ मातीत मांजराएवढा पाऊलठसा दिसतोय आणि पुढे नखांच्या खुणाही उमटल्यात, तर लक्ष द्या, कारण मांजर चालताना नखं आत घेतं. फोटो मिळाला तर तारखेसकट जपून ठेवा, पण बिळाचं लोकेशन कुठेही टाकू नका. बिळाजवळ जाऊ नका, कुत्रं सोबत नेऊ नका. वन्यजीव कायद्याने खोकड आणि कोल्हा दोघांनाही संरक्षण आहे, हेही लक्षात ठेवा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: खोकड शेवटचं कुठे बघितलं, कोणत्या साली, तिथे आता काय आहे? उत्तर रेकॉर्ड करून मला पाठवा. सायक्सने नोंद करून ठेवली म्हणून ते नाव आज आपल्याला सापडलं. आपल्या शिवाराची नोंद आपणच करायची आहे. भेटू पुढच्या भागात!