मस्कटिन : शिंपल्यांवर उभे राहिलेले शहर

अमेरिकेच्या आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या वळणावर वसलेले मस्कटिन हे आधी लाकडाचे गाव होते. उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन-मिनेसोटातील जंगलांतून ओंडक्यांचे प्रचंड तराफे नदीने खाली येत. हर्शी आणि मसर या घराण्यांच्या गिरण्या त्यांच्या फळ्या पाडत. झाडीविरळ गवताळ प्रदेशात घरे बांधणाऱ्यांना ते लाकूड हवेच होते. पण उत्तरेतली जंगले संपत आली तशी या गिरण्यांना घरघर लागली.

त्याच सुमारास जॉन फ्रेडरिक बोपल हा जर्मन कारागीर येथे आला. हॅम्बुर्गजवळ तो शिंगाची आणि शिंपल्यांची बटणे करीत असे. 1890 मध्ये अमेरिकेने मॅकिन्ली कायद्याने आयातकर वाढवला आणि परदेशी बटणे एकदम महागली. मिसिसिपीच्या तळाशी जाड, चकाकत्या अस्तराचे शिंपले फुकट पडून होते. 1891 मध्ये बोपलने मस्कटिनला कारखाना सुरू केला. आपल्या हातची कला इतरांना कळू नये म्हणून तो जपत असे. पण असे गुपित टिकणार किती दिवस? काही वर्षांतच शहरात आणि आसपास बटणांचे कारखाने उगवले. 1905 च्या सुमारास मस्कटिनमधून वर्षाला सुमारे 150 कोटी बटणे बाहेर पडत.

शिंपले काढण्याची पद्धत साधी, पण मोठी चलाख होती. तळाशी वाळूत रुतलेला शिंपला तोंड किंचित उघडे ठेवतो आणि काही आत शिरले की घट्ट मिटतो. कोळी दांड्याला शेकडो आकड्यांच्या दोऱ्या बांधून तो तळावरून ओढत नेत. शिंपले आपण होऊन आकड्यांना चावत आणि लटकत वर येत. काठावर ते उकळून मांस काढून टाकले जाई. त्यात क्वचित मोती निघाला तर कोळ्याचे नशीब उघडे. शिंपले काही दिवस पाण्यात भिजवून नळीच्या आकाराच्या फिरत्या करवतीने त्यांतून गोल चकत्या कापत. पुढे त्या घासणे, भोके पाडणे, चकाकी आणणे हे टप्पे. बॅरी बंधूंच्या स्वयंचलित यंत्राने यांतली बरीचशी कामे एकत्र केली. तयार बटणे कार्डांवर शिवण्याचे काम मात्र बायका-मुले घरी बसून करीत.

कापणाऱ्याला मजुरी नगावर मिळे. करवतीवर सतत पाणी सोडावे लागे, शिंपल्याची भुकटी छातीत जाई. ठरलेल्या ग्रोसपेक्षा जास्त चकत्या मोजून घेतल्या जातात, ही कामगारांची जुनी तक्रार होती. 1911 मध्ये संघटना बांधली जाताच कारखानदारांनी टाळेबंदी केली. राज्यपालांनी सैन्य पाठवले, आणि वर्षभराच्या ताणाताणीनंतर 1912 मध्ये कामगार हरले. या लढ्यातली तरुण कार्यकर्ती पर्ल मॅकगिल पुढे मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्सच्या कापड गिरण्यांच्या संपातही उतरली.

नदी मात्र इतका उपसा सोसू शकली नाही. शेजारच्या न्यू बोस्टनजवळच्या एकाच पट्ट्यातून तीनेक वर्षांत सुमारे 10,000 टन शिंपले निघाले आणि तो पट्टा उजाड झाला. शिंपल्याची पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. त्याच आधाराने त्यांची पैदास वाढवण्यासाठी सरकारने जवळच्या फेअरपोर्टला प्रयोगकेंद्र काढले. बोपल अखेरीस त्या केंद्रात नोकरीला होता. शिंपल्याने पाय कापला, रक्तात विष भिनले आणि 1912 मध्ये तो वारला. शिंपले मग दूरच्या नद्यांतून आणावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक आले, आणि 1960 च्या दशकात शिंपल्याची बटणे जवळजवळ बंद झाली.

शहर बुडाले नाही, याचे कारण ते एकट्या बटणांवर कधीच नव्हते. टोमॅटो पिकणाऱ्या या परिसरात हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीचा कारखाना 1890 च्या दशकातच आला होता. 1943 मध्ये मक्यावर प्रक्रिया करणारी ग्रेन प्रोसेसिंग कॉर्पोरेशन निघाली. 1944 मध्ये स्थापन झालेल्या होम-ओ-नाइझ कंपनीला स्वयंपाकघराची पोलादी कपाटे करायची होती, पण पोलादच मिळेना. मग तिने भंगार पत्र्याचे कार्ड ठेवायचे डबे विकले. कपाटे राहिली बाजूला. तीच कंपनी पुढे ऑफिस फर्निचर करणारी हॉन म्हणून देशभर पोचली. पंपांचे कारखानदार रॉय कार्व्हर यांनी जर्मनीतून जुन्या टायरवर नवा थर चढवण्याच्या तंत्राचे हक्क आणले आणि 1957 मध्ये बँडॅग ही कंपनी सुरू केली. 2007 मध्ये ती ब्रिजस्टोनने विकत घेतली.