मल्टिक्लाउड सुरक्षा (अमेरिका)

दोन किंवा अधिक कंपन्यांच्या क्लाउडवर एकाच वेळी चालणाऱ्या व्यवसायाची माहिती, यंत्रणा आणि खाती सुरक्षित ठेवण्याची, तसेच त्यांपैकी एखादा क्लाउड बंद पडला किंवा फोडला गेला तरी कामकाज चालू ठेवण्याची व्यवस्था. यात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत : चोर आत येऊ नये हा एक आणि आलाच, तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडता यावे हा दुसरा. पहिल्याची चर्चा फार होते. दुसऱ्याकडे लक्ष बहुधा ठेच लागल्यावरच जाते.

ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये ‘एस३’ ही साठवणसेवा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ईसी२’ ही भाड्याच्या संगणकांची सेवा सुरू केली. गूगलचे ॲप इंजिन २००८ मध्ये आले. मायक्रोसॉफ्टची अझूर फेब्रुवारी २०१० मध्ये विक्रीस खुली झाली. पुढे अनेक मोठ्या कंपन्यांच्या पदरात हे तिन्ही पडले, पण ठरवून क्वचितच. कार्यालयाने मायक्रोसॉफ्टचा ईमेल घेतला, विश्लेषकांना गूगलची बिगक्वेरी हवी होती आणि विकत घेतलेली छोटी कंपनी आपले ॲमेझॉनचे खाते घेऊनच सासरी आली. अशा संसाराला ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ हीच म्हण शोभते. ठरवून अनेक क्लाउड घेतल्याचे ठळक उदाहरण सरकारी आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १० अब्ज डॉलरांपर्यंतचे ‘जेडाय’ कंत्राट ऑक्टोबर २०१९ मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टला दिले, ॲमेझॉन न्यायालयात गेली आणि जुलै २०२१ मध्ये कंत्राटच रद्द झाले. डिसेंबर २०२२ मध्ये ९ अब्ज डॉलर कमाल मर्यादेचे नवे कंत्राट ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ओरॅकल या चौघांना मिळाले.

क्लाउड वाढले की भाषाही वाढतात. ॲमेझॉनमध्ये ‘रोल’ म्हणजे काही वेळापुरती धारण करायची ओळख. अझूर आणि गूगलमध्ये त्याच शब्दाचा अर्थ परवानग्यांचा गठ्ठा असा होतो. ॲमेझॉनच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त ‘येऊ द्या’ असेच नियम लिहिता येतात. अझूरमध्ये ‘येऊ द्या’ आणि ‘अडवा’ असे दोन्ही असतात आणि क्रमांक लहान असलेला नियम आधी पाहिला जातो. एका क्लाउडवर हात बसलेला अभियंता दुसऱ्यावर जाऊन नेमके उलटे करून ठेवतो, ते या शब्दसाम्यामुळे. शिवाय प्रत्येक क्लाउडची नोंदवही (लॉग) निराळ्या साच्यातली. तिन्ही एकत्र वाचणारा माणूस नसेल, तर ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’.

क्लाउड कंपन्या ‘सामायिक जबाबदारी’चे तत्त्व सांगतात : इमारत, यंत्रे आणि मूळ प्रणाली आमची, तुमची माहिती, खाती आणि मांडणी तुमची. या रेषेवर काय घडू शकते ते कॅपिटल वन या बँकेच्या प्रकरणात दिसले. क्लाउडमधील प्रत्येक यंत्राला १६९.२५४.१६९.२५४ हा आतला पत्ता विचारून स्वतःच्या तात्पुरत्या किल्ल्या मिळवता येतात. मार्च २०१९ मध्ये हल्लेखोराने बँकेच्या चुकीच्या मांडणीच्या फायरवॉलकडूनच तो पत्ता विचारून घेतला, म्हणजे पहारेकऱ्यालाच किल्ल्या आणायला पाठवले. त्या किल्ल्यांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त कपाटे उघडत होती. अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. बँकेला याचा पत्ता लागला तो जुलैमध्ये, एका त्रयस्थाने पाठवलेल्या ईमेलमुळे. माहिती सांकेतिक रूपात साठवली होती का, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. पण अधिकृत किल्लीने आलेल्याला ती उलगडूनच मिळाली. ऑगस्ट २०२० मध्ये नियामकाने बँकेला ८ कोटी डॉलर दंड केला. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या आतल्या पत्त्याची अधिक कडक आवृत्ती आणली. कॅपिटल वनचा संसार मुख्यतः एकाच क्लाउडवर होता. तीन क्लाउड असते, तर तपासायच्या परवानग्या तिप्पट झाल्या असत्या, एवढाच फरक.

दुसरे प्रकरण रेषेच्या पलीकडचे, म्हणजे विक्रेत्याच्या बाजूचे. २०२३ च्या उन्हाळ्यात चीनशी संबंधित ‘स्टॉर्म-०५५८’ या गटाने मायक्रोसॉफ्टची २०१६ सालची एक स्वाक्षरी-किल्ली वापरून सरकारी ईमेल वाचले. किल्ली सामान्य ग्राहकांच्या खात्यांसाठीची. ती कार्यालयीन खात्यांवर चालायलाच नको होती, पण पडताळणीतील त्रुटीमुळे चालली. २२ संस्था आणि ५०० हून अधिक व्यक्तींना झळ पोहोचली. वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो आणि चीनमधील राजदूत निकोलस बर्न्स त्यांत होते. चोरी मायक्रोसॉफ्टला सापडली नाही. ती १५ जून रोजी परराष्ट्र खात्याच्या सुरक्षाकक्षाला सापडली, कारण तिथल्या लोकांनी ‘बिग यलो टॅक्सी’ असे टोपणनाव देऊन स्वतःचा एक इशारा रचून ठेवला होता. कोणता ईमेल कोणत्या मार्गाने उघडला गेला ते तो इशारा पाहत असे. ज्या लॉगवर तो बेतला होता, तो लॉग महागड्या परवान्यातच मिळे आणि खात्याने तो परवाना घेतला होता. ज्या संस्थांकडे तो नव्हता त्यांना पाहायला काही नव्हतेच. टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने हे लॉग साध्या परवान्यातही देण्याचे जाहीर केले. मल्टिक्लाउडच्या खरेदीत लॉगची किंमत आधी विचारावी, ही या प्रकरणाने शिकवलेली सर्वांत व्यवहारी गोष्ट.

२०२४ च्या स्नोफ्लेक प्रकरणात फोडाफोडीचीही गरज पडली नाही. ही माहिती-साठवण सेवा तिन्ही मोठ्या क्लाउडवर चालते. तिच्या सुमारे १६५ ग्राहकांना सावधगिरीची सूचना द्यावी लागली. चोरांनी जुने चोरलेले पासवर्ड वापरले आणि त्या खात्यांवर दुसरी पडताळणी लावलेलीच नव्हती. क्लाउड कोणताही असो, दार तेच होते.

तग धरण्याच्या बाजूला दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. कोड स्पेसेस ही प्रोग्रॅमरांची कामे सांभाळणारी कंपनी. जून २०१४ मध्ये तिच्या ॲमेझॉनच्या नियंत्रणफलकावर कोणीतरी ताबा मिळवून खंडणी मागितली. कंपनीने पासवर्ड बदलले, पण घुसखोराने आधीच जादा लॉगिन करून ठेवली होती. त्याने यंत्रे, साठवण आणि बॅकअप पुसायला सुरुवात केली. बॅकअप त्याच खात्याच्या आवाक्यात होते. बारा तासांत कंपनी संपली. दुसरी घटना अमेरिकेबाहेरची, क्लाउड मात्र अमेरिकी. मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडच्या एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिल्यामुळे ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा तेथील एक खासगी क्लाउड, दोन्ही ठिकाणच्या प्रतींसह, पुसला गेला. सहा लाखांहून अधिक सभासद काही दिवस आपले खाते पाहू शकले नाहीत. निधी मात्र उभा राहिला, कारण त्याने एक बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे ठेवला होता. मल्टिक्लाउडची उपयुक्तता सिद्ध करायला याहून चांगले उदाहरण नाही, आणि त्यात क्लाउडच्या संख्येपेक्षा किल्ल्या वेगळ्या असण्याला महत्त्व आहे.

२०२५ या एकाच वर्षात तिन्ही मोठे क्लाउड पडले. गूगल १२ जूनला; ॲमेझॉन २० ऑक्टोबरला; अझूर २९ ऑक्टोबरला. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये (डेटा केंद्रांच्या विभागात) डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या, नोंदी बदलणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या आणि डायनॅमोडीबी या सेवेचा पत्ताच रिकामा झाला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्यरात्र होत आली होती. पुण्यात नरकचतुर्दशीची दुपार. फराळाच्या ताटावरून उठून लॅपटॉप उघडावा लागलेल्यांना ही तारीख वेगळी सांगायला नको. इतर रीजनमधील काही ग्राहकांनाही झळ बसली, कारण काही जागतिक सेवांची सूत्रे त्याच रीजनमधून हलतात.

यावर उपाय म्हणून सगळे काही दोन क्लाउडवर सतत चालू ठेवावे, असे सुचवले जाते. बहुतेक व्यवसायांना ते परवडत नाही आणि गुंतागुंतच वाढते. एका क्लाउडचे दोन रीजन, दुसऱ्या कंपनीकडे वेगळ्या किल्ल्यांनी बंद केलेला आणि ठरावीक मुदतीपर्यंत पुसता न येणारा बॅकअप, आणि तो खरोखर परत उतरवून पाहण्याची तिमाही सवय, हा संच अधिक भरवशाचा. सामायिक अवलंबित्वही मोजावे लागते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्यतनाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे आडवी झाली. यंत्र कोणत्या क्लाउडवर आहे, याने काही फरक पडला नाही, कारण पहारेकरी सगळीकडे एकच होता. डेल्टा एअरलाइन्सची सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली.

कायद्याची चौकट तुकड्या-तुकड्यांनी उभी राहिली. सरकारी खात्यांना क्लाउड विकण्यासाठी २०११ पासून ‘फेडरॅम्प’ ही मान्यतापद्धती आहे. आतल्या जाळ्यावर आंधळा विश्वास न ठेवता प्रत्येक विनंती तपासण्याच्या ‘झीरो ट्रस्ट’ रचनेचे मार्गदर्शन निस्ट या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध केले आणि मे २०२१ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने खात्यांना त्या दिशेने वळवले. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी महत्त्वाचा सायबर हल्ला, तो महत्त्वाचा असल्याचे ठरल्यापासून चार कामकाजी दिवसांत जाहीर करावा, असा नियम रोखे नियामकाने जुलै २०२३ मध्ये केला.

२०२१ च्याच आदेशातून सायबर सुरक्षा आढावा मंडळ निघाले. स्टॉर्म-०५५८ प्रकरणात मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा-संस्कृतीवर कठोर ठपका ठेवणारा एप्रिल २०२४ चा अहवाल या मंडळाचा. ती किल्ली चोरांच्या हाती कशी लागली, हे त्या अहवालापर्यंत निश्चित होऊ शकले नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये मंडळाच्या सर्व सदस्यांचे सदस्यत्व रद्द करण्यात आले. तेव्हा त्यांच्यापुढे अमेरिकी दूरध्वनी कंपन्यांमधील घुसखोरीचा तपास चालू होता.