चाल कोणाची?

‘मानापमाना’तील पद कानीं पडलें कीं ऐकणारा बालगंधर्वांचें नांव घेतो, गोविंदराव टेंब्यांचें क्वचितच. वास्तविक १२ मार्च १९११ रोजीं किर्लोस्कर मंडळीनें खाडिलकरांचें हें नाटक रंगभूमीवर आणलें, तेव्हां त्याच्या चाली टेंब्यांच्या होत्या. वय अवघें २९. साक्या-दिंड्यांना सरावलेल्या प्रेक्षकांपुढें त्यांनीं ठुमरी-कजरीचा डौल उभा केला. भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ करतां करतां तयार झालेला तो कान!

पुढें १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्यांत ते होते. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ बोलपटांत ते हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचेंच. नट म्हणून त्यांची आठवण आतां विरळ. चालींचें तसें नाहीं, कारण त्यांत गाणाऱ्यासाठीं मोकळी जागा आहे.

८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘संयुक्त मानापमान’ झालें. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. एकाचा गळा आर्जवी, दुसऱ्याचा तडफदार; दोघांनींही पदें आपापल्या परीनें फुलविलीं. टाळ्या अर्थात् गाणाऱ्यांना पडल्या.