इंका मार्ग : चार दिवसांची वाट, सहा शतकांचा इतिहास

जगाच्या इतिहासात राजवाड्यांची आणि देवालयांची वर्णने विपुल आढळतात. त्यांच्यापर्यंत पोहोचविणाऱ्या वाटांची नोंद मात्र क्वचितच होते. दगड कोणी वाहिले, धान्य कोणी पोहोचविले, पावसाळ्यानंतर वाट कोणी दुरुस्त केली, हे प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतात. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, अँडीज पर्वतराजीत, अशी एक वाट आहे की तिच्यावरून चालताना हे प्रश्न टाळणे कठीण होते. कुस्को नगराच्या वायव्येस असलेल्या माचू पिचू येथील प्राचीन अवशेषांकडे नेणारी, सुमारे ४३ किलोमीटर लांबीची ही वाट 'इंका मार्ग' या नावाने ओळखली जाते. ती चालण्यास साधारणतः चार दिवस आणि तीन रात्री लागतात. २००१ सालापासून परवानाधारक वाटाड्याशिवाय येथे कोणासही प्रवेश नाही. दिवसाला एकूण ५०० माणसांनाच परवाना मिळतो आणि त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे वाटाडे, आचारी व भारवाहक असतात. म्हणजे प्रवासी थोडे आणि त्यांच्यासाठी राबणारे अधिक, असे या वाटेचे आजही स्वरूप आहे.

चाकाविना उभारलेला राजमार्ग

इंका मार्ग हा एका प्रचंड जाळ्यातील केवळ एक धागा होय. केचुआ भाषेत 'कापाक न्यान', म्हणजे राजमार्ग, असे नाव असलेले हे जाळे सुमारे ३०,००० किलोमीटर पसरलेले होते. आजच्या कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिना या सहा देशांतून ते जाते आणि २०१४ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

उल्लेखनीय बाब अशी की, हे सर्व रस्ते ज्या लोकांनी बांधले त्यांच्यापाशी चाकाची गाडी नव्हती, घोडा किंवा बैल नव्हता आणि लोखंडी हत्यारेही नव्हती. लामा हा उंटाच्या कुळातील लहान प्राणी पंचवीस-तीस किलो ओझे वाहू शके. उरलेले सर्व ओझे माणसाच्या पाठीवर असे. त्यामुळे रस्ता चढणीवर वळणे घेण्याऐवजी सरळ दगडी पायऱ्यांनी वर चढतो. माणसाला आणि लामाला पायरी चालते, चाकालाच ती अडते. खोल दऱ्यांवर गवताच्या दोरांचे झुलते पूल असत. ठराविक अंतरावर 'ताम्बो' नावाच्या धर्मशाळेवजा विश्रामस्थानांची सोय होती आणि 'चास्की' म्हणजे निरोपे टप्प्याटप्प्याने धावत राजाचा निरोप पुढे नेत.

हे काम होई ते 'मिता' या पद्धतीने. प्रत्येक कुटुंबाने वर्षातील काही काळ राज्यासाठी पाळीने श्रम करावयाचे आणि त्या काळात त्यांच्या अन्नाची तजवीज राज्याने करावयाची, असा हा व्यवहार होता. नाणे नसलेल्या त्या राज्यात श्रम हाच कर होता.

कोठारे, कापड आणि गाठींचा हिशेब

नाणे नाही, मोठी बाजारपेठ नाही, तर राज्य चालले कसे? या प्रश्नाचे उत्तर 'कोल्का' नावाच्या कोठारांत सापडते. डोंगराच्या उतारावर, वारा खेळता राहील अशा जागी, या कोठारांच्या रांगा बांधल्या जात. त्यांत मका असे, तसेच रात्रीच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून व उन्हात वाळवून वर्षानुवर्षे टिकणारा केलेला बटाटाही असे. या पिकाचे मूळ घर अँडीजच होय. पुढे युरोपीय दर्यावर्दींच्या जहाजांतून ते जगभर गेले आणि पोर्तुगिजांबरोबर 'बटाटा' हा शब्द मराठीत येऊन रुजला. मिरची आणि भुईमूग ही पिकेही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आली, हे अनेकांस ठाऊक नसते.

धान्याच्या बरोबरीने कोठारांत साठविले जाई ते कापड. इंकांच्या राज्यात कापडाचे मोल सोन्याहून कमी नव्हते, किंबहुना व्यवहारात ते अधिकच होते. त्याच्या मुख्यतः दोन प्रती होत्या. 'आवास्का' हे साधे कापड घरोघर विणले जाई. 'कुम्पी' हे अतिशय घट्ट विणीचे, दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे तलम कापड निष्णात विणकर, तसेच 'आक्ला' म्हणजे राज्याने निवडून स्वतंत्र आवारात ठेवलेल्या स्त्रिया विणत. अल्पाका व व्हिकुन्या या प्राण्यांची लोकर आणि किनारपट्टीचा कापूस हा त्याचा कच्चा माल. सैनिकास मोहिमेनंतर कापड मिळे, नव्याने अंकित झालेल्या सरदारास राजा कापडाची भेट देई आणि विधींमध्ये उत्तम कापड अग्नीस अर्पण केले जाई. १५३२ साली फ्रान्सिस्को पिझारोची फौज काखामार्का येथे पोहोचली, तेव्हा छतापर्यंत रचलेल्या कापडाने भरलेली घरे पाहून स्पॅनिश लोक चकित झाले, असे त्यांच्याच बखरकारांनी लिहून ठेविले आहे.

एवढ्या मालाचा हिशेब लिपीवाचून ठेवला जाई. मुख्य दोरीला लोंबत्या रंगीत दोऱ्या आणि त्यांवर गाठी, अशी 'किपू' नावाची ही वही होती. गाठीचा प्रकार अंक सांगे आणि गाठीची जागा एकम, दहम, शतम असे स्थान सांगे. रिकामी जागा म्हणजे शून्य. विसाव्या शतकाच्या आरंभी लेलंड लॉक या अभ्यासकाने ही दशमान पद्धती उलगडून दाखविली. काही किपूंत बाजूच्या दोऱ्यांची बेरीज वरच्या दोरीवर ताळ्यासह जुळते. सुताच्या गाठींत बांधलेला हा जमाखर्च कोणाही हिशेबनिसाने आदराने पाहावा असाच आहे. मात्र सर्वच किपू अद्याप वाचता आलेले नाहीत.

चार दिवसांची चाल

कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर असल्याने तेथे दोन-तीन दिवस राहून विरळ हवेची सवय करून घेणे आवश्यक ठरते. प्रवासाचा आरंभ लोहमार्गाच्या ८२व्या किलोमीटरपाशी होतो. तेथे पारपत्र व परवाना तपासला जातो आणि उरुबाम्बा नदीवरील पूल ओलांडून वाट सुरू होते. पहिला दिवस तुलनेने सोपा. नदीकाठच्या पातायाक्ता या वसाहतीचे अवशेष आणि डोंगराच्या पायथ्याशी कोरल्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या रांगा येथे दिसतात. माचू पिचूसाठी लागणाऱ्या धान्याचा बराच भाग येथे पिकत असावा, असे अभ्यासक मानतात.

दुसरा दिवस कसोटीचा. वाट ४,२१५ मीटर उंचीच्या 'वार्मिवान्युस्का' खिंडीकडे चढते. केचुआत या नावाचा अर्थ 'मृत स्त्री' असा आहे. दुरून पाहता तेथील डोंगरकडा उताण्या पडलेल्या स्त्रीसारखा दिसतो. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे साठ टक्केच असतो. धडधाकट माणसासही वीस पावलांमागे थांबावे लागते. याच चढावर, पाठीवर तंबू, भांडी आणि शेगड्या घेतलेले भारवाहक प्रवाशांना मागे टाकून पुढे निघून जातात, कारण मुक्कामावर त्यांना आधी पोहोचावयाचे असते.

तिसऱ्या दिवशी अवशेषांची मालिकाच लागते. रुंकुराकाय ही गोलाकार भिंतींची वास्तू, पुढे दुसरी खिंड, मग सायाकमार्का ही कड्याच्या टोकावरील वसाहत. एके ठिकाणी खडकातून बोगद्यासारखी वाट काढलेली आहे. फुयुपातामार्का म्हणजे 'ढगांवरील गाव'. तेथून शेकडो दगडी पायऱ्या घनदाट, ओलसर अरण्यात उतरतात. अखेरीस डोंगराच्या कुशीत अर्धचंद्राकार शेतपायऱ्यांचे विन्याय वायना दिसते. या वाटेवरील मूळ फरसबंदी कित्येक ठिकाणी आजही पावलाखाली आहे.

चौथ्या दिवशी पहाटे उठून 'इंतीपुंकू', म्हणजे सूर्यद्वार, गाठावयाचे असते. या दगडी द्वारातून माचू पिचूचे पहिले दर्शन घडते. विशेष म्हणजे येथून वाट उतरत जाते, कारण माचू पिचू २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोहून बरेच खाली आहे.

माचू पिचू : डोळ्यांना न दिसणारे बांधकाम

माचू पिचू ही राजधानी नव्हती. पाचाकुती या इंका सम्राटाची ती खासगी जहागीर होती, असे १५६८ सालच्या एका स्पॅनिश दस्तऐवजाच्या आधारे इतिहासकार जॉन रो यांनी दाखविले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या हाडांच्या कालमापनानुसार येथील वस्ती साधारण १४२० ते १५३० या काळातील ठरते. पूर्वी मानल्या जाणाऱ्या काळाहून हा आरंभ सुमारे दोन दशकांनी मागे जातो.

चुन्याविना बसविलेले ग्रॅनाइटचे चिरे सर्वांचे लक्ष वेधून घेतात. परंतु जलअभियंता केनेथ राइट यांच्या अभ्यासानुसार बांधकामाचे सुमारे साठ टक्के श्रम जमिनीखाली, पायाभरणी आणि पाण्याचा निचरा यांसाठी खर्ची पडले. एका झऱ्याचे पाणी ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने आणून १६ कारंज्यांतून खेळविले आहे. वर्षाकाठी सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या उतारावर नगर खचले नाही, याचे श्रेय त्या न दिसणाऱ्या कामास आहे.

येथे राहणारे लोक कोण होते, याचाही उलगडा अलीकडे झाला. पूर्वी येथील सांगाडे बहुतांशी स्त्रियांचे असल्याचे समजून 'सूर्यकन्यांचे नगर' अशी आख्यायिका पसरली होती. पुढील तपासणीत स्त्री-पुरुषांची संख्या जवळजवळ समान आढळली. २०२३ साली ३४ व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे लोक साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रांतांतून, अॅमेझॉनच्या अरण्यप्रदेशातूनही, आलेले सेवक असल्याचे दिसून आले. राजा येई तो काही काळापुरता. नगर राखले ते या अनाम माणसांनी.

'शोध' कोणाचा?

१५३३ साली सम्राट आताहुआल्पा मारला गेला, १५७२ साली विल्काबाम्बा येथील अखेरचे इंका राज्य संपले आणि माचू पिचू अरण्याने झाकले गेले. पाठ्यपुस्तकांत या स्थळाच्या शोधाचे श्रेय अमेरिकेतील येल विद्यापीठाचे अध्यापक हायरम बिंगहॅम यांस दिले जाते आणि २४ जुलै १९११ ही तारीख सांगितली जाते. त्या दिवशी बिंगहॅम यांस वर नेले ते मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने. त्याबद्दल त्यास एक चांदीचा सोल मिळाला, जो बिंगहॅम यांच्याच म्हणण्यानुसार नेहमीच्या दिवसाच्या मजुरीच्या तिप्पट-चौपट होता. वर पोहोचल्यावर तेथे शेतकरी कुटुंबे जुन्याच शेतपायऱ्यांवर पिके घेत असल्याचे आढळले आणि त्यांच्यातील एका लहान मुलाने पाहुण्यास अवशेष दाखविले. तीन खिडक्यांच्या मंदिराच्या भिंतीवर तर आगुस्तीन लिसारागा या कुस्को प्रांतातील गृहस्थाचे नाव १९०२ सालासह कोळशाने लिहिलेले होते. बिंगहॅम यांनी ते आपल्या नोंदवहीत टिपून घेतले. पुढे भिंतीवरील ती अक्षरे पुसली गेली आणि लिसारागा १९१२ साली नदीत बुडून वारले.

बिंगहॅम यांचे कार्य कमी लेखण्याचे कारण नाही. नकाशे, छायाचित्रे आणि पद्धतशीर उत्खनन यांमुळे जगास या स्थळाची ओळख झाली आणि १९१५च्या मोहिमेत आजच्या इंका मार्गाचे काही टप्पेही त्यांनी धुंडाळले. परंतु हिशेबाच्या वहीत जमेची बाजू एकाच्याच नावे लिहिली गेली, हेही तितकेच खरे. त्यांनी नेलेल्या हजारो वस्तूंवरून पेरू व येल यांच्यात दीर्घ वाद झाला. २०१० साली समझोता होऊन २०१२पर्यंत त्या वस्तू पेरूस परत मिळाल्या आणि आता कुस्कोतील संग्रहालयात ठेवल्या आहेत.

आजचे ओझे

विसाव्या शतकाच्या अखेरीस या वाटेवर प्रवाशांची गर्दी वाढली, तसे भारवाहकांचे हाल वाढले. चाळीस किलोंहून अधिक ओझी, अपुरे अन्न, निवाऱ्याविना रात्र, अशा तक्रारी सर्वत्र होऊ लागल्या. २००१ साली पेरू सरकारने भारवाहकांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि नाक्यांवर ओझ्याचे वजन होऊ लागले. २०२२ साली नवा कायदा आला. त्यानुसार पुरुषासाठी २० किलो व स्त्रीसाठी १५ किलो अशी मर्यादा ठरली. बहुतेक भारवाहक केचुआभाषी खेड्यांतील शेतकरी असतात. ज्यांच्या पूर्वजांनी मिता म्हणून हे दगड बसविले, त्यांचेच वंशज आज रोजंदारीवर त्याच पायऱ्या चढतात. कायदा झाला तरी तो पाळला जातो की नाही, हे नाक्यावरील तराजूवर आणि प्रवाशाच्या चौकसपणावर अवलंबून आहे. सर्वांत स्वस्त दर देणाऱ्याकडे नोंदणी करणाऱ्याने, तो दर कोणाच्या पाठीवरून कमी झाला, एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात, ऐन पावसात, इंका मार्ग बंद ठेवला जातो. या काळात कामगार ढिले झालेले दगड बसवितात, पाण्याचे चर मोकळे करतात आणि पुढील वर्षासाठी वाट तयार ठेवतात. सहा शतकांपूर्वी हेच काम पाळीने होत असे. साम्राज्य गेले, राजे गेले, शोधकांच्या कीर्तीचेही पुनर्मूल्यमापन झाले. वाट तेवढी राहिली, कारण ती राखणारे हात प्रत्येक पिढीत होते. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात सापडत नाहीत. मार्च उजाडला की त्यांनी बसविलेल्या दगडांवरून पहिला प्रवासी चालू लागतो.