एकट्याचे डोळे, चौघांची सोबत

दिवाळीची सुट्टी लागली, फराळाच्या डब्यांचे तळ दिसू लागले, की घरातील मुलांचा लकडा सुरू होतो : ‘चला, व्हीआर खेळायला जाऊ.’ पूर्वी हा लकडा सर्कशीसाठी असे, पुढे सिनेमासाठी झाला. मुंबई-पुण्याच्या मोठ्या मॉलमध्ये आता ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ची, म्हणजे आभासी जगाची, दालने थाटलेली असतात आणि तेथे एकट्यादुकट्या गिऱ्हाइकापेक्षा घोळकेच अधिक दिसतात. वाढदिवसाची मंडळी, कचेरीतील सहकारी, सुट्टीला जमलेली चुलत-मावस भावंडे. वडीलमाणसांना याचे कोडे पडते. ज्या खेळात डोळ्यांवर जाड झापड बांधून घ्यायची, ज्यात शेजारी उभा असलेला सख्खा भाऊसुद्धा दिसेनासा होतो, त्या खेळाला इतकी मंडळी कशाला हवीत?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. कृत्रिम देखाव्यांच्या करमणुकीला दोनशेंहून अधिक वर्षे झाली, आणि या साऱ्या काळात तिला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा पडलेला दिसतो : देखावा एकट्याला दाखवावा की सर्वांना मिळून?

आरंभ मिळून झाला. रॉबर्ट बार्कर या आयर्लंडात जन्मलेल्या चित्रकाराने १७८७ साली एका युक्तीचे पेटंट घेतले. प्रचंड लांबीचे चित्र वर्तुळाकार भिंतीवर लावायचे आणि प्रेक्षकाला मधोमध उभे करायचे. ‘पॅनोरमा’ हा शब्द त्याच्या या उद्योगामुळेच रूढ झाला. १७९३ साली लंडनच्या लेस्टर चौकात त्याने यासाठी खास गोल इमारत उभारली. प्रेक्षकाने आधी अंधाऱ्या वाटेने जायचे, म्हणजे रस्त्यावरचा उजेड डोळ्यांतून पुसला जाई. मग मधल्या चौथऱ्यावर यायचे. चित्राची वरची कड छताच्या आडोशाने आणि खालची कड चौथऱ्याच्या कठड्याने झाकलेली असे. चौकट दिसली की ते चित्र असते. चौकट लपली की डोळा फसतो. आजचा हेडसेट यापेक्षा निराळे काय करतो? तेथे स्पिटहेडच्या बंदरातील आरमाराचे चित्र लावले तेव्हा चौथऱ्यालाच जहाजाच्या डेकचे रूप दिले होते, आणि ते पाहताना शार्लट राणीला बोट लागल्यासारखे मळमळले असे सांगतात. या मळमळीकडे पुढे वळूच.

१८०० साली लंडनच्या लायसियममध्ये रॉबर्ट केर पोर्टर या चित्रकाराने श्रीरंगपट्टणच्या पाडावाचे अवाढव्य अर्धवर्तुळाकार चित्र मांडले. टिपू सुलतान १७९९ च्या मे महिन्यात पडला होता; वर्षभराच्या आतच त्याचा किल्ला लंडनकरांना तिकीट काढून पाहता येऊ लागला. सुरक्षित चौथऱ्यावर उभे राहून लढाईत असल्याचा भास विकत घेण्याची चटक तेव्हापासूनची. पडणाऱ्यांच्या बाजूने किल्ला कसा दिसला असेल, हे रंगवण्याचे कोणाला सुचले नाही. निदान आजच्या खेळांतील शत्रू बहुधा राक्षस आणि भुते असतात. ती कोणाच्या आप्तांपैकी नव्हेत.

त्यानंतर एकट्याच्या डोळ्यांची पाळी आली. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली दाखवून दिले की आपल्याला खोली दिसते, ती दोन डोळ्यांना दोन किंचित निरनिराळी चित्रे दिसतात म्हणून. नाकासमोर बोट धरून एकेक डोळा आलटूनपालटून मिटावा. बोट जागच्या जागी उडी मारते. अशी दोन चित्रे काढून डाव्या डोळ्याला डावे व उजव्याला उजवे दाखवले की सपाट कागदाला खोली येते. याचे नाव स्टिरिओस्कोप. डेव्हिड ब्रूस्टरने १८४९ मध्ये त्याला भिंगांची सुटसुटीत पेटी दिली आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर ती घरोघर गेली. आपल्या पिढीला ठाऊक असलेला व्ह्यू-मास्टर हा तिचाच नातू : एका चकतीवर सात देखावे आणि भोवती ‘आता माझी पाळी’ म्हणून भांडणारी चार भावंडे. चित्राला खोली आली, पण ते एका वेळी एकालाच दिसे.

आपल्याकडच्या जत्रांतील बायस्कोपवाल्याने यातून मोठी नामी तोड काढली होती. त्याच्या पेटीला तीन-चार भोके असत. प्रत्येक पोर आपापल्या भोकाला डोळा लावून एकटेच पाही, पण बायस्कोपवाल्याचे चालीवरचे वर्णन सर्वांच्या कानी एकदमच पडे. डोळे वेगळे, कान एक. शेजारच्याने ‘अबब’ म्हटले की आपल्यालाही तेच दिसले याची खात्री पटे. आजच्या दालनांतील साऱ्या यंत्रसामग्रीचा मर्म मला तरी या भोकाभोकांच्या पेटीत दिसतो.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास दुसरा मार्ग धरला. त्यांची ‘शांभरिक खरोलिका’ म्हणजे काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर पाडण्याचे यंत्र. चित्रे भराभर बदलून हालचालीचा भास होई, आणि रामायणादी कथा पडद्यासमोर बसलेले सारे गाव एकत्र पाही. तिकडे अमेरिकेत थॉमस एडिसनच्या कारखान्यातील किनेटोस्कोप उलट्या वाटेने निघाला होता. १८९४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला त्याचे पहिले दालन उघडले. दहा पेट्या, पाचाच्या एका रांगेला पंचवीस सेंट, आणि एका पेटीत एकच माणूस वाकून पाहणार. पडद्याविषयी एडिसनला उत्साह नव्हता. पेट्या जितक्या अधिक तितकी विक्री अधिक, हे त्याचे गणित होते. ते दोन वर्षांच्या आतच चुकले. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी चित्रे पडद्यावर पाडली आणि ७ जुलै १८९६ रोजी तीच मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली. थोड्याच दिवसांत खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले. तेथे तिकिटे चार आण्यांपासून होती आणि पडदानशीन स्त्रियांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी निराळे बॉक्स राखलेले होते. करमणुकीच्या धंद्याला कुटुंब दिसले ते असे. पेटी मागे पडली, पडदा जिंकला, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे हा वाद मिटल्यासारखाच होता.

तो उकरून काढला मॉर्टन हायलिग या अमेरिकन छायाचित्रणकाराने. त्याच्या ‘सेन्सोरामा’ला १९६२ साली पेटंट मिळाले. खुर्चीत बसून डोके यंत्राच्या खोबणीत घातले की न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून मोटारसायकलची सफर घडे. खुर्ची थरथरे, तोंडावर वारा येई, वासही येत. कल्पना अजब होती, पण तिला पैसे लावणारा भेटला नाही. १९६८ साली आयव्हन सदरलंड याने डोक्यावर चढवायचे पहिले संगणकीय यंत्र केले. ते इतके जड होते की छतालाच टांगावे लागे. त्यात दिसत काय, तर प्रकाशाच्या रेघांनी काढलेला एखादा ठोकळा. पण डोके वळवले की ठोकळ्याची बाजू बदले, आणि ही गोष्ट पॅनोरमाला वा सिनेमाला कधीच साधली नव्हती. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हे नाव रूढ करणाऱ्या जॅरन लॅनिअरच्या कंपनीने १९८९ साली जी यंत्रणा पुढे आणली, तिचे नावच ‘दोघांसाठी बांधलेले वास्तव’ अशा अर्थाचे होते. एकाच आभासात दोन माणसे! बायस्कोपच्या पेटीला पुन्हा दुसरे भोक पडले म्हणायचे.

आणि १९९१ साली ते चव्हाट्यावर आले. इंग्लंडातील लेस्टर या गावच्या (योगायोग पाहा, बार्करचा चौकही लेस्टरच!) जोनाथन वॉल्डर्नच्या कंपनीने ‘व्हर्च्युअॅलिटी’ नावाची यंत्रे खेळघरांना विकण्यास काढली. कमरेएवढ्या कड्यात उभे राहायचे, डोक्यावर अवजड हेडसेट चढवायचा, हाती दांडी धरायची. त्यांतील गाजलेल्या खेळाचे नाव ‘डॅक्टिल नाइटमेअर’. पटावरच्या चौकटींसारखे रंगवलेले चार-पाच ओटे अधांतरी तरंगत. तेथे चौघे एकमेकांना हुडकून गोळ्या घालत, आणि फार वेळ लावला तर एक हिरवा उडता सरडा येऊन खेळाडूला उचलून नेई. चित्रे इतकी ओबडधोबड की माणूस म्हणजे रंगीत खोक्यांची उतरंड. पण तो उतरंडीचा पुतळा म्हणजे आपला मित्र आहे, हे ठाऊक असणे यातच सारी गंमत होती. कंपनी १९९७ मध्ये बुडाली. निनटेंडोने १९९५ साली एकट्याने पाहायचे लालभडक चित्रांचे यंत्र काढले, तेही वर्षभरात आटोपले.

पुढचा चमत्कार मोबाईल फोनांनी घडवला. त्यांच्यामुळे लहान, स्वच्छ पडदे आणि हालचाल ओळखणारे कण स्वस्त झाले. पामर लकी या तरुणाने २०१२ साली लोकवर्गणी जमवून ‘ऑक्युलस’ काढले आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी दोनशे कोटी डॉलरांना घेतली. एडिसनचेच गणित पुन्हा मांडले गेले : घरोघर एक पेटी. पण त्याच सुमारास, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे एका गोदामवजा जागेत ‘झीरो लेटन्सी’ नावाचे दालन उघडले. जागा सुमारे ४,३०० चौरस फूट. सहा माणसे पाठीवर संगणकाच्या पिशव्या घेऊन तीत मोकळी हिंडत.

‘लेटन्सी’ म्हणजे विलंब. मान वळवणे आणि देखावा वळणे यांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक अंतर पडले तर डोके भणभणू लागते. शार्लट राणीच्या मळमळीचे कारणही याच जातीचे. डोळे सांगतात ‘हाललो’, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते ‘छे, उभाच आहेस’. या भांडणात पोट ढवळते. खऱ्या पायांनी चालायला मिळाले की भांडण बरेचसे मिटते. म्हणून तर मोकळ्या गोदामाचे महत्त्व. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली याहून मजेची क्लृप्ती मांडली होती : देखावा नकळत किंचित फिरवत राहायचा, म्हणजे माणूस सरळ चाललो असे समजून प्रत्यक्षात वळसे घेत राहतो आणि लहान खोलीत लांबचा प्रवास होतो. घाण्याच्या बैलालाही झापड याचसाठी बांधत असत, ही आठवण येथे होणे अपरिहार्य आहे.

‘द व्हॉइड’ या अमेरिकन कंपनीने २०१६ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात आभासी भिंतीच्या जागी खरीच भिंत उभारली. हात लावला तर हाताला लागे. वारा येई, वास येत. हायलिगची खुर्ची चालू लागली होती. चौघांची टोळी आत जाई, कानातील यंत्रातून एकमेकांशी बोलत पुढे सरके.

आणि तरी हे धंदे धडाधड कोसळले. आयमॅक्सने २०१७ मध्ये मोठ्या डौलाने उघडलेली व्हीआर केंद्रे २०१९ मध्ये गुंडाळली. द व्हॉइडची दारे २०२० च्या साथीत बंद झाली. साथ हे निमित्त होते. मूळ दुखणे हिशेबाचे. तीनशे खुर्च्यांच्या चित्रगृहात दिवसाला चार खेळ भरले तर बाराशे तिकिटे खपतात आणि यंत्र लागते एक. गोदामात ताशी सहा माणसे धरली तर बारा तासांत होतात बहात्तर. प्रत्येकाला निराळा हेडसेट, तो पुसायला माणूस, पट्टे आवळायला माणूस, भिंतीवर धडकू नये म्हणून लक्ष ठेवायला आणखी एक. तिकीट महाग का, याचे उत्तर यात आहे. त्यातून ज्याच्या घरी हेडसेट आहे त्याने पुन्हा पैसे मोजून बाहेर का यावे?

तो येतो तो माणसांसाठी. माझ्या मते जी दालने टिकली, त्यांनी देखाव्यापेक्षा सोबतीवर अधिक मेहनत घेतली. हाँगकाँगमध्ये सुरू झालेली ‘सँडबॉक्स व्हीआर’ २०२० साली दिवाळखोरीच्या कोर्टात गेली होती, ती पुन्हा उभी राहिली. तिच्या दालनात सहा जणांपर्यंतची मंडळी मनगटांना व घोट्यांना खुणयंत्रे बांधून जातात. त्यामुळे भाऊ दिसत नसला तरी त्याचे हातवारे आभासी देहातही ओळखू येतात. बाहेर आल्यावर त्यांना चलच्चित्र मिळते : एकीकडे राक्षसांशी झुंजणारे वीर, दुसरीकडे रिकाम्या खोलीत हवेत हात मारणारी तीच मंडळी. हसून पुरेवाट होते ती हे पाहताना.

जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पोट तुडुंब भरून जाऊ नये. फेफरे येणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी हा खेळ टाळावा, अशी सूचना बहुतेक ठिकाणी असते. अगदी लहान मुलांनाही बहुधा आत घेत नाहीत. त्यांना आजीजवळ बाहेर बसवावे. आत काय चालले आहे ते दाखवणारा पडदा पुष्कळ ठिकाणी असतो.

या सँडबॉक्सच्या भुतांच्या वाड्यात एक नियम आहे. खेळाडू मेला की त्याच्या भोवतीचे जग फिके पडते आणि तो नुसता उभा राहतो. त्याला उठवण्याचा मंत्र नाही, औषध नाही. सोबत्यांपैकी कोणीतरी लढाई सोडून त्याच्यापाशी यावे आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. तो हात आणि खांदा तेवढे खरे असतात.