तळटीप : ‘देवाचे कोकरू’

१२. देवाचे कोकरू : मुंबईतल्या आरे कॉलनीच्या दक्षिणेला, आजच्या सीप्झच्या आवारात, पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेल्या चर्चचे अवशेष आहेत. ते चर्च बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावे आहे आणि येशूला हे संबोधन देणारा तोच. संबोधनाचे मूळ वल्हांडणात आहे. मिसरमधून सुटण्याच्या रात्री इस्राएलींनी कोकरू मारून त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावले. त्याचे एकही हाड मोडायचे नाही, असा निर्गमातला (१२:४६) दंडक. योहानाचे शुभवर्तमान (१९:३६) तोच दंडक क्रूसावरच्या येशूला लावते : शिपायांनी त्याचे पाय मोडले नाहीत. जुन्या विधीचा नव्या कथेशी इतका नेमका सांधा क्वचितच सापडतो. प्रायश्चित्ताच्या दिवशी परमपवित्रस्थानात एकटा जाणारा महायाजक, हे येशूसाठीचे आणखी एक रूपक इब्री लोकांस पत्रात येते. मराठीत ख्रिस्तकथा जुन्या करारापासून सांगण्याचा मोठा प्रयत्न फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) आहे.

मात्र कोकराचे हे वाचन ख्रिस्ती आहे. कोकणातले बेने इस्राएल ज्यू वल्हांडणाचा सण गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून पाळतात. त्यांच्या लेखी कोकरू कुणा येणाऱ्याची पूर्वखूण नाही. वल्हांडणाचे कोकरू जिथे अर्पण होई, ते यरुशलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये पडले आणि तिथले बळीही थांबले. लेखकाने मूळ परिच्छेदात दोन्ही अर्थ एकत्र केले आहेत. वाचकांनी ते वेगळे धरावेत.