गिरिजनन : समस्थानिकी कालमापन

गिरिजनन : समस्थानिकी कालमापन. पर्वतरांगांतील खनिजांमध्ये असलेले किरणोत्सर्गी समस्थानिक आणि त्यांच्या क्षयातून साचलेली द्रव्ये मोजून पर्वत घडण्याच्या निरनिराळ्या टप्प्यांचा काळ ठरविण्याच्या पद्धती. पर्वताचे वय एका आकड्यात सांगता येत नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडक सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात साचला. त्याच शिखराच्या खालच्या भागात घुसलेला फिकट ग्रॅनाइट सुमारे २ कोटी वर्षांचा आहे. शिखराला आजचा आकार देणारी झीज तर अजून चालूच आहे. खडक कधी बनला, कधी गाडला गेला, कधी वितळला, किती वेगाने वर येऊन थंडावला आणि कोणत्या गतीने झिजला, हे प्रश्न वेगवेगळे आहेत व प्रत्येकासाठी वेगळे खनिज आणि वेगळा समस्थानिक वापरावा लागतो. या नोंदीत मुख्यतः हिमालयाच्या आधारे या पद्धतींचा परिचय करून दिला आहे.

तत्त्व : किरणोत्सर्गी समस्थानिकाचा क्षय ठराविक गतीने होतो, तापमान किंवा दाब यांमुळे ती गती व्यवहारतः बदलत नाही. युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ बनते (अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षे), युरेनियम-२३५ पासून शिसे-२०७ (सुमारे ७० कोटी वर्षे). पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे असून त्याचा साधारण एक-दशांश भाग आर्गॉन-४० मध्ये व उरलेला कॅल्शियममध्ये बदलतो. यांशिवाय रुबिडियम-स्ट्राँशियम, समेरियम-निओडिमियम आणि ल्युटेशियम-हाफ्नियम या जोड्या वापरतात. मूळ द्रव्य व क्षयजन्य द्रव्य यांचे गुणोत्तर द्रव्यमान वर्णपटमापकाने मोजले की वय काढता येते. मात्र मधल्या काळात खनिजातून काही बाहेर गेलेले किंवा बाहेरून आत आलेले नसावे.

पर्वतांच्या अभ्यासात कळीचा मुद्दा हाच आहे. खोलवर तापलेल्या खनिजात क्षयजन्य द्रव्य टिकत नाही, ते विसरणाने निसटते. खनिज विशिष्ट तापमानाखाली थंडावले की ते आत अडकू लागते आणि तेव्हापासून वयाची मोजणी सुरू होते. या तापमानाला ‘बंद होण्याचे तापमान’ म्हणतात. ते खनिजाचा प्रकार, कणाचा आकार आणि थंड होण्याचा वेग यांवर अवलंबून असते.

इतिहास : बर्ट्रम बोल्टवुड यांनी १९०७ मध्ये आणि आर्थर होम्स यांनी १९११ मध्ये युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून खडकांची वये काढली, त्या वेळी समस्थानिकांची कल्पना पुरती रुजलेली नव्हती. पर्वतांच्या संदर्भातील निर्णायक काम आल्प्समध्ये झाले. १९६० च्या दशकात बर्न येथील एमिली येगर व त्यांच्या सहकाऱ्यांना मध्य आल्प्समधील खडकांत बायोटाइट हे काळे अभ्रक मस्कोव्हाइट या पांढऱ्या अभ्रकापेक्षा कमी वयाचे आढळले. ही वये खनिज बनल्याची नसून ते थंडावल्याची आहेत, असा अर्थ त्यातून निघाला. मार्टिन डॉडसन यांनी १९७३ मध्ये बंद होण्याच्या तापमानाचे गणिती सूत्र मांडले. त्यानंतर एकाच खडकातील अनेक खनिजांची वये काढून त्याचा तापमान-इतिहास रचण्याची पद्धत रूढ झाली.

खनिजे व त्यांची तापमाने : झिर्‌कॉन स्फटिक बनताना युरेनियम सामावून घेते, शिसे मात्र जवळजवळ घेत नाही, ९००° से. च्या वरही ते शिसे धरून ठेवते. त्यामुळे झिर्‌कॉनचे वय सहसा शिलारस गोठण्याचा किंवा स्फटिकाची नवी कड वाढण्याचा काळ दाखवते. युरेनियमच्या दोन्ही क्षयमालिका एकाच कणात असल्याने एका वयाची दुसऱ्याशी पडताळणीही होते. मोनाझाइट व गार्नेट ही खनिजे खडकाचे रूपांतरण होत असताना वाढतात, म्हणून त्यांवरून खडक गाडला जाण्याचा व तापण्याचा काळ कळतो.

थंड होण्याच्या टप्प्यांसाठी आर्गॉन उपयोगी पडतो. हॉर्नब्लेंडमध्ये तो सुमारे ५००° से. खाली, मस्कोव्हाइटमध्ये सुमारे ४००° से. खाली आणि बायोटाइटमध्ये सुमारे ३००° से. खाली अडकतो. भूपृष्ठाच्या अधिक जवळचा इतिहास ॲपेटाइट सांगते. युरेनियमच्या उत्स्फूर्त विखंडनाने त्यात पडणारे सूक्ष्म माग सुमारे ११०° से. खाली टिकतात, तर क्षयातून निघालेला हेलियम सुमारे ७०° से. खाली साठतो. म्हणजे हेलियमचे वय हे खडक भूपृष्ठापासून दोन-तीन किमी. खोलीवर आल्याचा काळ असते.

उदाहरणार्थ, एखाद्या खडकातील मस्कोव्हाइटचे आर्गॉन-वय १ कोटी वर्षे आणि ॲपेटाइटचे माग-वय २० लाख वर्षे आले, तर तो ८० लाख वर्षांत सुमारे २९०° से. थंडावला. खोलीनुसार तापमान दर किमी.ला ३०° से. वाढते असे धरल्यास तो या काळात सुमारे १० किमी. वर आला, म्हणजे वर्षाला सरासरी १·२ मिमी. येथे ‘वर येणे’ याचा अर्थ खडकावरील आच्छादन नाहीसे होऊन तो भूपृष्ठाजवळ येणे असा आहे. डोंगराची उंची तितकी वाढली असा नव्हे.

हिमालयाचा कालक्रम : भारतीय व आशियाई भूपट्टांमधील टेथिस महासागराचा तळ आशियाखाली जात असताना त्या काठावर शिलारस घुसत होता. लडाखमधील ग्रॅनाइटी खडकांच्या झिर्‌कॉनची वये बहुतांशी ७ ते ४·५ कोटी वर्षांच्या दरम्यान येतात. त्यानंतर हा पुरवठा आटला. भारताचा काठ आशियाला भिडल्याचा काळ साधारण ५·५ ते ५ कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. टक्करीनंतर भारतीय कवचाची कड खोल दाबली गेली, याचा पुरावा लडाखमधील त्सो मोरिरी व पाकिस्तानातील काघान येथे आहे. तेथील खडकांत कोएसाइट हे क्वॉर्ट्‌झचे अतिदाबाखाली, सुमारे ९० ते १०० किमी. खोलीवर बनणारे रूप सापडते. काघानच्या कोएसाइटयुक्त झिर्‌कॉनचे वय सुमारे ४·६ कोटी वर्षे आहे. त्सो मोरिरीच्या बाबतीत वेगवेगळ्या मापनांतून ५·५ ते ४·७ कोटी वर्षांपर्यंतची वये आली असून त्यांवर मतभेद आहेत.

त्यानंतरचा मोठा टप्पा बृहद्‌हिमालयाच्या स्फटिकी खडकांत नोंदला गेला आहे. तेथील गार्नेट व मोनाझाइट यांवरून सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीपासून कवच जाड होत व तापत गेल्याचे दिसते. २·५ ते १·५ कोटी वर्षांपूर्वी खोलवरचे खडक अंशतः वितळून फिकट ग्रॅनाइट तयार झाले. गढवालमधील गंगोत्री परिसराचा ग्रॅनाइट सुमारे २·३ कोटी वर्षांचा, तर नेपाळमधील मनास्लूचा २·३ ते १·९ कोटी वर्षांचा आहे. याच सुमारास मुख्य मध्यवर्ती प्रणोदावरून हे खडक दक्षिणेकडे सरकत होते आणि त्यांच्या माथ्यावरील दक्षिण तिबेट विभंगावर उलट दिशेची हालचाल होत होती. वितळणे व सरकणे यांची वये जुळल्यामुळे दोन्ही घटना एकाच प्रक्रियेचे भाग मानल्या जातात.

हिमालयाच्या दोन टोकांना वये फारच कमी येतात. पश्चिमेकडील नंगा पर्वतात सुमारे १० लाख वर्षे वयाचे ग्रॅनाइट आहेत आणि बायोटाइटची थंडावल्याची वयेही काही ठिकाणी तितकीच कमी आहेत. पूर्वेकडील नामचा बारवा येथेही असेच चित्र दिसते. या दोन पर्वतांना अनुक्रमे सिंधू व त्सांगपो या नद्या खोल कापतात. नदीने केलेल्या वेगवान झिजेमुळे वरचा भार हलका होऊन खालचे तप्त कवच वर ओढले जाते, असे एक स्पष्टीकरण त्यावर मांडले गेले आहे.

गाळातील नोंद : पर्वताचा झिजून गेलेला भाग आता पर्वतात नाही, तो शिवालिकांत, गंगेच्या मैदानात आणि बंगालच्या उपसागराच्या तळावरील गाळात आहे. गाळातील अभ्रकाचे थंडावल्याचे वय व तो थर साचल्याचे वय यांतील फरक जितका कमी, तितका खडक वेगाने वर येऊन झिजला असे ठरते. १९८७ मध्ये सागरी वेधन कार्यक्रमाच्या ११६ व्या मोहिमेत बंगालच्या उपसागरातून मिळालेल्या गाळात, सुमारे १·७ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतही, हा फरक अल्प आढळला. हिमालयाची वेगवान झीज अलीकडची नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

अलीकडच्या काही शतकांची किंवा सहस्रकांची झीज बेरिलियम-१० ने मोजतात (अर्धायुकाल सुमारे १३·९ लाख वर्षे). भूपृष्ठाच्या वरच्या काही मीटर भागातील क्वॉर्ट्‌झमध्ये विश्वकिरणांमुळे हा समस्थानिक तयार होतो. झीज जलद असेल तर तो साठायला वेळ मिळत नाही. गंगेच्या वरच्या खोऱ्यातील वाळूवरून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत बृहद्‌हिमालयात वर्षाला सुमारे २·७ मिमी., तर दक्षिणेच्या कमी उंचीच्या भागात सुमारे ०·८ मिमी. झीज आढळली.

सह्याद्री : सह्याद्री हा टक्करीतून उभा राहिलेला पर्वत नसून पठाराची झिजलेली कड आहे. तेथेही खडकाचे वय व डोंगराचे वय यांत फरक करावा लागतो. आर्गॉनवरून आणि लाव्हा थरांमधील झिर्‌कॉनवरून दख्खनच्या बेसाल्टचे वय सुमारे ६·६ कोटी वर्षे ठरते, परंतु त्यातून कड्याचे वय कळत नाही. ते गोव्याच्या सखल भागातील जांभ्यात असलेल्या मँगनीज ऑक्साइडांवरून अजमावता येते. या खनिजांत पोटॅशियम असते व ती भूपृष्ठाजवळच्या विदारणातच बनतात. त्यांतील जुनी वये सुमारे ५ कोटी वर्षांच्या आसपास येत असल्याने कड्याखालचा सखल भाग तेव्हाच अस्तित्वात होता आणि कडा मागे सरकण्याचे बरेचसे काम त्याआधीच उरकले होते, असा निष्कर्ष काढला जातो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आर्गॉन कालमापनाची राष्ट्रीय सुविधा आहे. हिमालयाच्या संशोधनात डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था अग्रेसर आहे.

मर्यादा : बाहेरून आलेला जादा आर्गॉन अभ्रकात अडकला तर वय खऱ्यापेक्षा जास्त येते. झिर्‌कॉनच्या गाभ्यात आधीच्या खडकाचा जुना कण शिल्लक असला, तर संपूर्ण कणाचे वय गाभा व कड यांच्या वयांचे मिश्रण ठरते. म्हणून आता सूक्ष्म आयनशलाका किंवा लेसर वापरून एकाच कणातील वेगवेगळे बिंदू मोजतात. खडक झपाट्याने वर येत असल्यास तो उष्णताही बरोबर आणतो आणि खोलीनुसार तापमानवाढीचा नेहमीचा दर लागू पडत नाही. शिवाय यांपैकी कोणतीही पद्धत उंची मोजत नाही. पर्वत कधी किती उंच होता हे ठरवण्यासाठी प्राचीन पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनचे स्थिर समस्थानिक, वनस्पतींचे जीवाश्म अशा स्वतंत्र पुराव्यांची जोड द्यावी लागते. कालमापनाने त्या पुराव्यांना तारीख मिळते.